आवड सांगायची नाही

पुणे
६ ऑक्टोबर २०२४

ती. नानांस,

पाकीट बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर तुम्हाला ऐकू जात नाही. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर ज्याच्या मोबाइलवर पाठवीन तो आधी अख्ख्या गल्लीला वाचून दाखवणार. म्हणून पोस्टात जाऊन दहा पाकिटं आणली. तुम्ही सातवी पास आहात आणि तुमचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, तेव्हा उत्तर टाळायला जागा नाही.

इथे जपानी शिकायला लागून चार महिने झाले. नर्सिंगच्या निम्म्या पोरी कंटाळून परत गेल्या, मी टिकले. भाषेची परीक्षा पास झाले, आता फक्त मुलाखत राहिली. तिकडच्या एका वृद्धाश्रमाचे लोक ४ डिसेंबरला स्क्रीनवर येणार. त्यांनी घेतलं की नोकरी पक्की.

अडचण वेगळीच आली आहे. गेल्या आठवड्यात आम्हाला 'मजा येते' कसं म्हणायचं ते शिकवलं. सोपं आहे, वाक्याची चाल आपल्यासारखीच. आधी काम सांगायचं आणि मागून 'तानोशी देस' लावायचं, म्हणजे 'मजेचं आहे'. पुस्तक वाचणं मजेचं आहे, गाणी ऐकणं मजेचं आहे, असं. सायली सेन्सेईंनी (इथे शिकवणाऱ्या बाईंना सेन्सेई म्हणतात) फळ्यावर एक जागा रिकामी ठेवली आणि प्रत्येकीला आपापलं भरायला लावलं. कोल्हापूरची पोरगी म्हणाली नाचणं. लातूरची म्हणाली झोपणं, तेव्हा सगळ्या हसल्या. माझी पाळी आली आणि मी नुसती उभी राहिले. शब्द येत नव्हता असं नाही नाना, शब्द वर्गात मलाच सगळ्यांत जास्त येतात. मराठीतसुद्धा सुचलं नाही.

सेन्सेई म्हणतात, हा प्रश्न मुलाखतीत विचारतातच. म्हातारी माणसं दिवसभर सोबत असणार, तर येणारी मुलगी कशात रमते ते त्यांना बघायचं असतं. म्हणून तुम्हाला विचारते. लहानपणी मला काय करायला आवडायचं? आई असती तर तिला विचारलं असतं. आता बाप म्हणून तुम्हीच सांगा.

तुमची
मनिषा


शिरूर कासार
२० ऑक्टोबर २०२४

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमनने दारात उभं राहून पाकीट उघडायची वाट बघितली, मी काही उघडलं नाही. त्याला वाटलं सरकारी नोटीस आली.

तू हुशार आहेस पण अजून भोळी आहेस. कामावर घेणारा माणूस आवड विचारतो, तेव्हा त्याच्या पोटात काही तरी असतं. ऊसतोडीची टोळी जमवताना मुकादमही असंच गोड विचारतो की तुला काय बरं वाटतं करायला. नवा माणूस फुशारकीने सांगतो, मोळी उचलून ट्रॉलीत टाकायला आवडतं. झालं. मग पाच महिने सगळ्या टोळीच्या मोळ्या तोच टाकतो. आपल्या आसारामची मान वाकडी कशाने झाली? आवड सांगितल्याने. म्हणून आपल्यात आवड सांगायची नाही. सांगितली की ती गळ्यात पडते.

तेव्हा तू सरळ म्हण, मला सगळी कामं आवडतात. कुणाला नाव ठेवायला जागा नको.

आम्हाला दिवाळी झाली की ऊसतोडीला निघायचं आहे. मी आणि तुझी आत्या वत्सला, नेहमीप्रमाणे. पत्र गावच्याच पत्त्यावर टाकत जा, कुणी ना कुणी उसाच्या फडावर येणारं असतंच, त्याच्यासोबत येईल. जेवत जा. जपानी लोक सगळं अळणी खातात म्हणे, आत्तापासून सवय करू नकोस.

तुझा
नाना


पुणे
२४ नोव्हेंबर २०२४

ती. नानांस,

तुमचं ऐकलं आणि फजिती झाली. काल सराव मुलाखत होती. मी ताठ बसून म्हणाले, मला सगळी कामं आवडतात. झाडणं मजेचं आहे, पुसणं मजेचं आहे, चादरी बदलणं मजेचं आहे. सेन्सेईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मनिषा, त्यांना मशीन नकोय, माणूस पाहिजे."

मग मी दुसरा रस्ता धरला. पुस्तकात या धड्याची जी वाक्यं आहेत त्यात 'पोहणं मजेचं आहे' असं एक आहे. म्हणायला सोपं आणि ऐकायला बरं. तेच पाठ करून टाकलं आहे. तलावाचं, नदीचं, पाण्याचं असे पुढचे चार शब्दही काढून ठेवलेत. खोटं आहे हे मला कळतं, पण रिकामी जागा ठेवण्यापेक्षा बरं.

तुम्ही मात्र माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही. मला काय आवडायचं ते विचारलं होतं, तुम्ही आसारामकाकांची मान सांगितलीत.

फडावर थंडी पडली असेल. कानाला मफलर बांधत जा. आत्याला नमस्कार सांगा. ती माझा फोन उचलत नाही, उसाच्या पाल्याच्या कोपीत रेंज नसेल.

तुमची
मनिषा


फड
२ डिसेंबर २०२४

चि. मनूस आशीर्वाद.

घाईत लिहितो. पोहण्याचं ठीक आहे. आपल्या शिरूरला पोहण्याएवढं पाणी कुठे आहे हे जपानात कुणाला माहीत असणार?

इकडे काम जोरात चालू आहे. तोड चांगली आहे, मुकादम खूश आहे. वत्सलाही बरी आहे. थंडी आहे पण सोसवते. काल पहाटे शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, दोन्ही पाटी, एक पांढरी आणि एक बांडी. पांढरी जरा अशक्त आहे, तिला घोंगडीत गुंडाळून चुलीपाशी ठेवली आहे.

परवा मुलाखत. घाबरायचं नाही. समोरचा कोणीही असो, त्यालाही दोनच कान असतात, आणि माझ्यापेक्षा बरे असतील.

तुझा
नाना


पुणे
१५ डिसेंबर २०२४

ती. नानांस,

त्यांनी मला घेतलं नाही.

सगळं नीट चाललं होतं. एक बाई आणि दोन पुरुष होते. काय आवडतं विचारलं, मी पोहणं मजेचं आहे म्हणाले. बाई खूश झाल्या, त्यांच्या गावात मोठा तलाव आहे म्हणे. त्यांनी विचारलं, तू कुठे पोहतेस? मी म्हणाले, गावच्या नदीत, सिंदफणेत. त्यांनी विचारलं, पाणी कसं असतं? आणि नाना, मला त्या वेळी खरं तेवढंच आठवलं. मी म्हणाले, पाणी नसतं. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आमच्या सेन्सेईंनी कपाळाला हात लावलेला मला स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसला. आठ दिवसांनी नकार आला. आता हसू येतंय, त्या दिवशी जेवले नाही.

दुसरी गोष्ट. फडावर शेळी कुठून आली? आपण तर निघताना शेळी शेजारी तुळजाबाईंकडे बांधून जातो. घोंगडीत पाट गुंडाळून चुलीपाशी बसणारा माणूस ऊस कधी तोडतो? मी तुळजाबाईंनाच फोन लावला. त्यांनी आधी आढेवेढे घेतले आणि मग सगळं सांगितलं. गेल्या हंगामात ट्रॅक्टर मागे येत होता, तुम्हाला ऐकू आला नाही, आत्याने तुम्हाला ओढलं आणि ती स्वतः बांधावर पडली. तिचा गुडघा त्यातच गेला. औंदा ती येऊ शकत नाही आणि जोडी नाही म्हणून तुम्हाला एकट्याला कुणी घेत नाही. तुम्ही दोघं घरीच आहात, आणि आत्या फोन उचलत नाही कारण तिला खोटं बोलता येत नाही.

हे तुम्ही मला का सांगितलं नाही ते विचारत नाही. मला माहीत आहे.

मी ठरवलं आहे. अजून एक मुलाखत आहे, २८ जानेवारीला, दुसऱ्या एका वृद्धाश्रमाची. तिला मी बसणार नाही. ज्या मुलीला स्वतःला काय आवडतं तेच सांगता येत नाही तिला कोण घेईल? कोयता मात्र मला धरता येतो, दोन हंगाम धरलाय. हंगाम अजून तीन महिने आहे. तुमची आणि माझी जोडी म्हणजे एक पूर्ण कोयता होईल, बबनराव मुकादम नाही म्हणणार नाहीत. तुम्ही फक्त ये म्हणून लिहा, मी त्या दिवशीची एसटी धरते.

तुमची
मनिषा


शिरूर कासार
३ जानेवारी २०२५

चि. मनूस आशीर्वाद.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. उशीर त्याचा आहे.

येऊ नकोस.

शेळीचं खरं आहे. खोटं बोलणाऱ्याने तोंड आवरावं, आणि मी चार ओळींत पकडला गेलो. बबनराव दिवाळीलाच येऊन गेला. म्हणाला, पोरीला बोलावून घ्या, जोडी होते, उद्याच गाडीत बसा. मी त्याला सांगितलं, पोरगी लांब आहे. पत्ताही दिला नाही. त्याने फोन नंबर मागितला तर मला ऐकू आलं नाही असं केलं. बहिरेपणाचा तेवढाच उपयोग.

मी रिकामा नाही. ग्रामपंचायतीने गावात पाणी सोडायचं काम दिलं आहे. सकाळी वरच्या आळीचा व्हॉल्व्ह, संध्याकाळी खालच्या. त्याला कान लागत नाहीत, फक्त लोकांच्या शिव्या ऐकायच्या असतात आणि त्या ऐकू येत नाहीत. वत्सला बसून स्वयंपाक करते. आमचं भागतं. माझ्यापायी तिचा गुडघा गेला हे बरं झालं नाही, पण ते माझं मी बघतो.

आता तुझ्या पहिल्या पत्रातल्या प्रश्नाचं. तुला काय आवडायचं ते मला माहीत होतं. पहिल्या दिवशीच माहीत होतं. सांगितलं असतं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं, म्हणून आसारामची मान पुढे केली.

तुझी आई गेली त्या वर्षी तू अकराची होतीस. पुढच्या हंगामाला मी तुला सोबत नेलं. अर्ध्या कोयत्याला कुणी घेत नाही, तू होतीस म्हणून घेतलं. तुला कोयता जड व्हायचा. पण भाकरी तू अशी करायचीस की आईचा हात वाटावा. तीन दगडांची चूल, वर तवा, आणि तू पीठ थापताना आपल्याशीच गुणगुणायचीस. एक दिवस टोळीतल्या बाया तुला म्हणाल्या, पोरी, आवडतं का गं भाकरी करायला? तू म्हणालीस, "लई आवडतं." मी मोळी बांधत होतो, मी ऐकलं. तेव्हा कान शाबूत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आपल्या कोपीपुढे पाच घरांचं पीठ आलं. बदल्यात त्यांची माणसं माझ्या मोळ्या बांधू लागली. माझी तोड पूर्ण कोयत्याएवढी दिसायला लागली, मुकादमही काही बोलेना. मला बरं झालं मनू. म्हणून मी गप्प बसलो. रोज साठ-सत्तर भाकरी, बारा वर्षांच्या पोरीने. हंगाम संपेपर्यंत तुझ्या बोटांची कातडी दोनदा गेली. गुणगुणणं कधी थांबलं ते मला सांगता येणार नाही, पण थांबलं.

गावी परत येताना गाडीत मी तुला काय सांगितलं ते तू विसरली असशील. मी म्हणालो, पुन्हा कुणाला आवड सांगू नको, सांगितलीस म्हणून हे झालं. चूक माझी होती आणि ती मी तुझ्या तोंडावर ढकलली. त्यानंतर तू कधी मला हे आवडतं म्हणाली नाहीस. दिवाळीला झगा कुठल्या रंगाचा हवा विचारलं तरी म्हणायचीस, कुठलाही. मी लोकांना सांगायचो, माझी पोरगी लई समजूतदार. वत्सलाने भांडून तुला वसतिगृहात घातलं नसतं आणि ती स्वतः माझ्या जोडीला आली नसती, तर मी तिसराही हंगाम नेलं असतं.

एवढंच आहे. आता तू मला काय म्हणायचं ते म्हण. पण कोयता धरायला येऊ नकोस. तू आलीस तर मी गाडीत बसणार नाही, आणि माझ्यावाचून तूही अर्धीच राहशील.

मुलाखतीला बस. काय सांगायचं ते मी शिकवणार नाही, माझ्या शिकवण्याचं काय होतं ते बघितलंस.

तुझा
नाना


पुणे
१२ फेब्रुवारी २०२५

ती. नानांस,

तुमचं पत्र वाचून मला राग आला. खोटं कशाला लिहू. पाच घरांच्या पिठाचा मला विसर पडला नव्हता, बोटंही आठवतात. मला वाटायचं टोळीत लेकरांना असंच काम असतं. तुम्हाला त्यातून फायदा होता हे मला माहीत नव्हतं. दोन दिवस मी तुमचं पत्र ट्रंकेत तळाला टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी काढून पुन्हा वाचलं. राग गेलेला नाही, पण कमी झालाय. तुम्ही लिहिलंत म्हणून कमी झालाय. लिहिलं नसतं तर मला कधी कळलंही नसतं, आणि तरी तुम्ही लिहिलंत.

मुलाखतीला बसले. यावेळी एक सत्तरीच्या बाई होत्या, त्याच तो आश्रम चालवतात, आणि एक तरुण नर्स. तोच प्रश्न आला. मी काही पाठ केलं नव्हतं. मी म्हणाले, हे सांगायची मला भीती वाटते. त्यांनी का म्हणून विचारलं. मग माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत मी सांगितलं की आमच्याकडे ऊस तोडायचं काम आहे, त्यात कुणी आवड सांगितली की ते सगळ्यांचं काम होऊन त्याच्याच अंगावर येतं, म्हणून वडिलांनी मला आवड सांगू नको असं शिकवलं. वाक्यं चुकत होती. तरुण नर्स मध्ये मध्ये शब्द पुरवत होती.

मग मी म्हणाले, मला भाकरी करायला आवडतं. भाकरी कशी असते ते हातांनी थापून दाखवलं. आणि पुढे म्हणाले, पण दोघा-तिघांसाठी. पन्नास माणसांसाठी नाही. तुमच्याकडे पन्नास माणसं असतील तर मला आवडणार नाही.

सेन्सेईंचा चेहरा बघवत नव्हता. बाई मात्र खूप हसल्या. मग हसायचं थांबवून त्यांनी चष्मा काढला आणि सावकाश, मला कळेल असं बोलल्या. त्यांच्याकडे बेचाळीस जण आहेत. स्वयंपाकाला वेगळी माणसं आहेत. माझं काम काय ते त्या कागदावर लिहून देतील आणि त्याबाहेरचं कुणी सांगितलं तर मी नाही म्हणायचं. शेवटी म्हणाल्या, नाही म्हणता येतं अशी मुलगी आम्हाला हवी होती, सगळ्याला हो म्हणणाऱ्या आजारी पडतात.

काल होकार आला. कागदपत्रांना पाच-सहा महिने लागतील. मी सेन्सेईंच्या स्वयंपाकघरात जाऊन दोन भाकऱ्या केल्या. पहिली फाटली, दुसरी फुगली. करताना बरं वाटलं. बारा वर्षांपूर्वीही बरंच वाटायचं, पहिले काही दिवस. तुम्ही जे ऐकलंत ते खरं होतं.

नाना, आता तुमची पाळी. तुम्हाला काय करायला आवडतं? मोळी, मान, मुकादम यातलं काही न आणता उत्तर द्या.

तुमची
मनिषा


शिरूर कासार
१४ सप्टेंबर २०२५

चि. मनूस आशीर्वाद.

जपानहून आलेलं पाकीट पोस्टमनने दोन्ही हातांनी दिलं. फोटोतली खोली छान आहे. तू ज्या म्हातारीला खुर्चीतून फिरवतेस तिचं नाव मला वाचता आलं नाही, तिला नमस्कार सांग. तू स्वतःपुरत्याच भाकरी करतेस आणि मागितली तरी कुणाला देत नाहीस, हे वाचून वत्सलाने डोळे पुसले आणि मग म्हणाली, एखाद्या दिवशी त्या म्हातारीला एक द्यावी. ते तुझं तू बघ. मी काही सांगणार नाही.

तू तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला आहेस. मी टाळत नव्हतो. मला उत्तर येत नव्हतं. पंचावन्न वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे तयारी नव्हती.

परवा बबनराव येऊन बसला. औंदा त्याला माणसं कमी पडत आहेत. माझ्या कानापाशी तोंड आणून ओरडला, "शहादेव, तुज्या जोडीला मानूस घावलाय. पाडळीचा हाय, त्याचीबी बायकू न्हाई. चल."

मी म्हणालो, "न्हाई येत."

"कावून? कानाचं म्हनशील तर टॅक्टरकडं तुला जाऊच देत न्हाई."

मी म्हणालो, "कानाचं न्हाई. मला ऊस तोडायला आवडत न्हाई."

बहिरा मी, पण दोनदा सांगावं लागलं त्याला. आतून वत्सला दारात येऊन उभी राहिली. तो म्हणाला, "बावीस सालं तोडलास की बे."

"तवा कुनी इचारलं न्हाई."

वत्सलाने चहा आणून ठेवला. चहा पिता पिता त्याने विचारलं, आणि या वेळी तो ओरडला नाही, पण ओठांवरून मला कळलं, "मंग तुला आवडतं तरी काय?"

मी म्हणालो, "इचार करून सांगतो."

तो गेला. मी तसाच ओट्यावर बसून राहिलो. खालच्या आळीला पाणी सोडायची वेळ होऊन गेली, बाया घागरी घेऊन दारात आल्या, तरी माझं लक्ष नव्हतं. मी खरंच विचार करत होतो.

तुझा
नाना